नऊचा भाव

मी कल्याणचा. दूधनाक्यावर वाढलो, पुढे नोकरीमुळे डोंबिवलीत घर केले. कविसंमेलनाच्या निमित्ताने मराठवाड्यात, विदर्भात गेलो की सूत्रसंचालक ओळख करून देतात, ‘हे कल्याणचे.’ मग मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी जवळ येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘कल्याण म्हणजे ते मटक्याचेच ना?’

सुरुवातीला मला राग येई. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. एवढा इतिहास असलेल्या गावाची ओळख एका जुगाराने व्हावी? शिवाय ती ओळख चुकीची आहे. ‘कल्याण मटका’ यातले कल्याण म्हणजे आमचे गाव नव्हेच. ते एका माणसाचे नाव आहे, कल्याणजी भगत. कच्छमधून मुंबईला आलेल्या या माणसाने १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला आणि त्याच्या नावावरून तो ‘कल्याण’ झाला. आमच्या गावाचा दोष एवढाच, की दोघांचे नाव एक निघाले.

हे उत्तर मी पुष्कळ वर्षे देत आलो. पण आज तुमच्यापुढे कबूल करतो, की ते अर्धेच खरे आहे. मटका कल्याणात जन्मला नाही हे खरे. पण तो रोज रात्री आमच्या घरी येत होता. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. तिच्यात थोडे गणित येईल. घाबरू नका. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. मला समजले म्हणजे कुणालाही समजेल.

मटक्याच्या आधी मुंबईत होता तो आकड्याचा जुगार. मुंबई हे कापसाचे शहर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी भाव उघडे, संध्याकाळी बंद होई आणि ते दोन्ही भाव तारेने मुंबईला येत. ज्यांचा कापसाशी काडीचा संबंध नाही अशी माणसे त्या भावांतल्या अंकांवर पैसे लावत. खरेदी नाही, विक्री नाही, गासडी नाही. नुसता अंक.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यातली आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांतली कलमे वाचली तर त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. कापसाच्या, अफूच्या भावावर पैज लावणे, त्या भावातल्या अंकांवर पैज लावणे, पाऊस पडेल की नाही यावर आणि पडला तर किती पडेल यावर पैज लावणे, असे सारे प्रकार त्यात एकेक करून नोंदवलेले आहेत. म्हणजे लोक पावसावरही पैसे लावत होते! कायद्याने एक दार लावावे आणि लोकांनी दुसरी खिडकी उघडावी, हे तेव्हापासून चाललेले आहे.

१९६० नंतरच्या एकदोन वर्षांत न्यूयॉर्कहून येणारे ते आकडे बंद झाले. लोकांना आकड्याची सवय लागलेली होती, आकडा मात्र राहिला नाही. मग आकडा घरीच तयार करायचे ठरले. शून्य ते नऊ असे अंक चिठ्ठ्यांवर लिहायचे, मडक्यात टाकायचे, हात घालून चिठ्ठी काढायची. मडके म्हणजे मटका. कल्याणजींनी १९६२ मध्ये सुरू केला, कराचीहून आलेल्या रतन खत्रींनी १९६४ मध्ये आपला वेगळा काढला. पुढे मडके गेले, पत्ते आले, पण नाव तेच राहिले. १९७५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात प्रेमनाथने केलेली भूमिका खत्रींवरच बेतलेली होती, असे त्या काळी प्रत्येक पानवाला सांगत असे.

पत्त्यांची रीत अशी. तीन पाने काढायची. समजा तीन, चार आणि सहा निघाले. बेरीज तेरा. तेरातला शेवटचा अंक तीन. तो झाला ‘ओपन’. रात्री उशिरा पुन्हा तीन पाने, पुन्हा बेरीज, पुन्हा शेवटचा अंक. तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. नुसता एक अंक बरोबर आला तर रुपयाला नऊ रुपये. जोडी बरोबर आली तर रुपयाला नव्वद. हा भाव आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ होता. मलाही होता.

माझे अब्बा परळच्या एका गिरणीत होते. कल्याणहून पहाटेची लोकल, तिसऱ्या वर्गाची सवय असलेले, डबा मांडीवर. गिरणीच्या फाटकाबाहेर चिठ्ठी घेणारा बसे. अब्बा एक रुपया लावत. रोज एकच अंक, ओपनला. रात्री दूधनाक्यावर कुणीतरी बातमी आणी. ती बातमी मोठ्याने सांगत नसत. बोटे दाखवत. चार बोटे वर झाली की कुठल्या घरात चहा पुन्हा उकळणार आणि कुठल्या घरात दिवा मालवणार, ते त्या क्षणी ठरे.

अब्बांकडे एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, गिरणीतल्या हजेरीच्या वहीसारखी. रोज एक ओळ. तारीख, लावलेला अंक, आलेला अंक. जुळले तर पुढे लाल पेन्सिलीने गोल. अब्बा तिला ‘हिशेब’ म्हणत. कुठला अंक किती दिवस आला नाही ते ते बोटाने मोजत आणि म्हणत, ‘दुरी थकली आहे. आता येणारच.’ थकलेला अंक हा त्या काळचा मोठा शब्द होता. स्वप्नात साप दिसला तर कुठला अंक, लग्न दिसले तर कुठला, याची कोष्टके लोकांना तोंडपाठ होती. दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या वेडसर फकिराने किती दगड भिरकावले तेही लोक मोजत. तो बिचारा भुकेने दगड फेकत असेल. लोक त्याच्या दगडांची जोडी लावत.

अम्मी काही बोलत नसे. जुगार हराम आहे हे तिला ठाऊक होते आणि अब्बांनाही होते. नमाजाला जाताना अब्बा ती वही फळीवर उलटी ठेवत. एकदा मी विचारले, ‘अब्बा, आपल्याला का लागत नाही?’ ते म्हणाले, ‘बेटा, आपलं नशीबच खोटं.’

हे वाक्य माझ्या मनात चाळीस वर्षे राहिले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला. अब्बांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. ‘नशीब खोटं’ या वाक्याला आणखी एक पुरावा मिळाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर ती संख्याशास्त्राची उदाहरणे सोडवत बसे. एकदा तिने विचारले, ‘पप्पा, हे बघा. दहा चिठ्ठ्या आहेत. एक रुपया द्यायचा, एक चिठ्ठी काढायची. ठरलेली निघाली तर नऊ रुपये मिळतात. सरासरी फायदा किती?’ मी दचकलो. हा प्रश्न पुस्तकात कसा आला? तिने सांगितले, की या धड्याचे नाव डिस्क्रीट प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन. मराठीत संभाव्यता वितरण. मी म्हणालो, मला माझ्या मराठीत सांग.

तिने सांगितले ते असे. काही गोष्टी पाण्यासारख्या असतात, उंची, वजन, वेळ. त्या कुठेही थांबू शकतात. काही गोष्टी चिल्लरीसारख्या असतात, सुट्या. एक, दोन, तीन, अशा मोजायच्या. मधले काही नसते. आकडा दोनदा लागतो किंवा तीनदा लागतो, अडीच वेळा लागत नाही. अशा सुट्या गोष्टींसाठी दोन ओळींचे कोष्टक करायचे. वरच्या ओळीत काय काय घडू शकते ते. खालच्या ओळीत प्रत्येकाची शक्यता किती ते. खालच्या ओळीची बेरीज नेहमी एक यायला हवी, म्हणजे काही सुटले नाही याची खात्री. मग वरचा आकडा गुणिले खालचा, आणि सगळ्यांची बेरीज. झाले.

आम्ही कोष्टक केले. आकडा लागला तर हातात नऊ, त्यातला एक आपलाच, म्हणजे फायदा आठ. शक्यता दहात एक. नाही लागला तर तोटा एक. शक्यता दहात नऊ. आठ गुणिले एक दशांश म्हणजे ऐंशी पैसे. त्यातून नव्वद पैसे वजा. उत्तर, उणे दहा पैसे. दर रुपयामागे दहा पैसे गेले. जोडीचे केले. शंभरात एक शक्यता, भाव नव्वद. उत्तर तेच, उणे दहा पैसे. अब्बा ‘दुरी’ लावोत की ‘पंजा’, ओपन लावोत की जोडी, दहा पैसे आधीच कापलेले होते. त्यात फसवणूक नव्हती. चिठ्ठी काढणारा पूर्ण प्रामाणिक असला तरी ते जाणारच होते. दहा घरांतून एकेक रुपया गोळा करायचा, एका घराला नऊ द्यायचे आणि एक खिशात टाकायचा, एवढाच तो धंदा.

माझ्या मनात एक शंका आली. तीन पानांची बेरीज तर सारखी येत नाही. शून्य यायला तिन्ही शून्ये लागतात, तेरा मात्र कितीतरी तऱ्हांनी येते. मग काही अंक जास्त येत असतील. अब्बांचे थकलेले अंक त्यातून निघत असतील का? मुलीने पेन्सिल घेतली. प्रत्येक पान पाहून परत ठेवले असे धरले तर तीन पाने काढण्याच्या एकूण तऱ्हा हजार. त्यांत बेरीज शून्य येण्याची तऱ्हा एकच. बेरीज तेरा येण्याच्या तऱ्हा पंचाहत्तर. एवढा फरक. पण मटक्यात शेवटचा अंक पाहतात. शेवटी तीन हवा तर बेरीज तीन, तेरा किंवा तेवीस. त्यांच्या तऱ्हा अनुक्रमे दहा, पंचाहत्तर आणि पंधरा. बेरीज शंभर. शेवटी शून्य हवा तर बेरीज शून्य, दहा किंवा वीस. तऱ्हा एक, त्रेसष्ट आणि छत्तीस. बेरीज शंभर. दहाही अंकांना बरोबर शंभर शंभर. आत कितीही चढउतार असो, बाहेर सगळे सारखे. मी कागदाकडे बघत राहिलो. कोष्टकातून सुटायला फट नव्हती.

आता मोठा प्रश्न. दर रुपयामागे दहा पैसे जातात, तर मग एवढी शहाणीसुरती, संसारी माणसे वर्षानुवर्षे का लावत राहिली? ती मूर्ख होती? मी त्या माणसांत वाढलो. ती मूर्ख नव्हती. याचे उत्तरही त्याच धड्यात पुढे आहे.

एका खात्यात शंभर कामगार आहेत असे समजा. प्रत्येकाने दहा दिवस रोज एक रुपया लावला. दहा दिवसांत प्रत्येकाला किती वेळा आकडा लागेल? कोष्टक मांडले तर साधारण असे दिसते. पस्तीस जणांना एकदाही नाही. एकोणचाळीस जणांना एकदा. एकोणीस जणांना दोनदा. सहा जणांना तीनदा. एकाला चार किंवा जास्त वेळा. दोनदा किंवा जास्त ज्यांना लागला ते फायद्यात. म्हणजे शंभरात सव्वीस जण! खात्यातला प्रत्येक चौथा माणूस दहा दिवसांनी हसतमुख. तो चहा पाजतो, पोरांना जिलेबी नेतो, आपली युक्ती सांगतो. ज्या पस्तीस जणांना काहीच मिळाले नाही ते गप्प असतात. गिरणीत जे ऐकू येते ते सव्वीस जणांचे.

वर्षभराचे बघा. तीनशे दिवस लावले तरी शंभरातले चोवीस-पंचवीस जण वर्षाच्या शेवटी फायद्यात असतात. एक वर्ष म्हणजे माणसाच्या अनुभवात थोडे नव्हे. वर्षभर जिंकलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार? पण दहा वर्षे म्हणजे तीन हजार दिवस घ्या. फायद्यात उरतात शंभरातले दोन. चढउतार हळू वाढतो, कापलेले दहा पैसे मात्र दिवसागणिक साठत जातात. माणसाला दहा दिवस आठवतात. मटकेवाला हजारो चिठ्ठ्या एकदम बघतो, म्हणून त्याला दहा वर्षे एका रात्रीत दिसतात. फरक नशिबाचा नव्हता. कोण कुठून बघतो याचा होता.

आणि हे दहा दिवसांचे कोष्टक मांडायचे कसे? इथे माझी कवीची पाटी कामाला आली. दहा दिवसांत आकडा नेमका दोनदा लागण्याच्या तऱ्हा किती, हे आधी काढावे लागते. पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, असे मोजत गेलो तर पंचेचाळीस येतात. मुलगी म्हणाली, याला पास्कलचा त्रिकोण वापरतात. कागदावर त्रिकोण पाहिला आणि मी म्हणालो, अगं, हा तर आमचा मेरुप्रस्तार!

शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेले तुम्हाला आठवत असेल. तीन अक्षरांचे गण आठच का? प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. तिन्ही गुरू असा गण एक, म. एक लघु असलेले तीन, य, र, त. एक गुरू असलेले तीन, भ, ज, स. तिन्ही लघु असा एक, न. एक, तीन, तीन, एक. हीच त्या त्रिकोणाची ओळ. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तीत हा मेरू मांडलेला आहे. वर एक घर, खाली दोन, त्याखाली तीन. आकडा लागला तो दिवस गुरू, नाही लागला तो लघु, असे म्हटले की दहा दिवस म्हणजे दहा अक्षरांची एक ओळ होते. दोन गुरू असलेल्या ओळी पंचेचाळीस. इकडे बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने आठव्या शतकात अरबी वृत्तांचे शास्त्र बांधले, आणि शब्दकोश करताना अक्षरांची उलटापालट करून किती धातू होतात ते मोजत गेला. म्हणजे ही मोजदाद जुगाऱ्यांच्या आधी कवींच्या घरी होती. आम्ही कवींनी ती पुढे नेली नाही, एवढेच.

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी ती पुढे नेली. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, तेच हे भास्कराचार्य. ‘लीलावती’त ते विचारतात, सहा रस एकेक, दोन दोन, तीन तीन असे मिसळत गेले तर किती चवी होतील? उत्तर त्रेसष्ट. या ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या सांगण्यावरून १५८७ मध्ये केले ते फैजीने. फैजी गणिती नव्हता, कवी होता. लीलावतीची ती सर्वांना ठाऊक असलेली कथा, मुहूर्ताचे घटिकापात्र, मुलीच्या दागिन्यातला मोती त्याच्या भोकात अडकणे, पाणी थांबणे आणि मुहूर्त टळणे, ही कथा फैजीच्या प्रस्तावनेतून आपल्यापर्यंत आली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. भांड्यात पडलेल्या एका मोत्याने आयुष्य बदलावे, ही कल्पना कवीलाच सुचणार. पण त्या कथेतही बाप मुलीला नशिबाचे रडगाणे ऐकवत नाही. गणिताचे पुस्तक लिहून देतो.

याहून जुनी गोष्ट महाभारतातली, नळराजाची. नळ द्यूतात राज्य हरला, रानोमाळ भटकला आणि शेवटी ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने झाडाकडे पाहून त्याच्या दोन फांद्यांवर पाने आणि फळे किती ते सांगितले. नळाला पटेना. त्याने रथ थांबवला, मोजले, आणि संख्या बरोबर निघाली. तेव्हा ऋतुपर्ण म्हणाला, मला फाशांचेही रहस्य कळते आणि मोजणीचेही. ती विद्या नळाने घेतली आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. बेहड्याची फळे त्या काळी फासे म्हणून वापरत. मला या कथेत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नळ सुटला तो नवसाने नव्हे, नशीब पालटले म्हणूनही नव्हे. त्याला मोजता येऊ लागले म्हणून सुटला.

युरोपात ही विद्या कागदावर आली ती १६५४ मध्ये. अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटायचे या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा यांची पत्रे झाली. १६५७ मध्ये हायगेन्सने त्यावर छोटे पुस्तक लिहिले, अपेक्षित मूल्याची कल्पना मांडली. आम्ही काढलेले उणे दहा पैसे हे त्याच रीतीचे. १७१३ मध्ये याकोब बर्नुलीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. डाव वाढत गेले की प्रत्यक्ष प्रमाण खऱ्या शक्यतेच्या जवळ जाते, हे त्याने सिद्ध केले. म्हणजे वरळीत पहिली चिठ्ठी निघण्याच्या अडीचशे वर्षे आधी तिचा निकाल छापलेला होता. तो परळच्या फाटकापर्यंत पोचला नाही.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका माणसाची इथे आठवण होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. माध्यमिक शिक्षण ठाण्याला. देवळालीला शाळामास्तर होते, आणि निवृत्त झाले १९६२ मध्ये, मटका सुरू झाला त्याच वर्षी. त्यांचा शोध प्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा. पुन्हा तेच करा. सातपेक्षा जास्त वेळा करावे लागत नाही, ६१७४ येतेच. १९६२ घेऊन बघा. ९६२१ वजा १२६९, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. ‘आता येणारच’ हे वाक्य कापरेकरांच्या अंकाला शोभते. तिथे प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून निघते. मटक्याची चिठ्ठी मागच्या चिठ्ठीला ओळखतच नाही. दुरी वीस दिवस आली नसेल तरी एकविसाव्या दिवशी तिची शक्यता दहात एकच. अंक थकत नसतो. लावणारा थकतो.

अब्बांना जाऊन बरीच वर्षे झाली. वही मात्र अम्मीने टाकली नव्हती. त्या दिवशी मुलगी म्हणाली, ‘पप्पा, दादांची वही कुठे आहे? आपण मोजू.’ मला मोजायचे नव्हते. बापाच्या चुकीचा पाढा मुलीपुढे कशाला? पण तिने वही काढली आणि पहिल्या वर्षाच्या ओळी मोजायला सुरुवात केली. ओळी निघाल्या तीनशे चार. लाल गोल निघाले एकोणतीस.

ती म्हणाली, ‘तीनशे चारांत साधारण तीस यायला हवे होते. एकोणतीस आले. पप्पा, दादांचं नशीब अजिबात खोटं नव्हतं. जेवढं कुणालाही लागतं तेवढंच त्यांना लागलं.’

मला काय वाटले ते सांगता येत नाही. जो माणूस आयुष्यभर स्वतःला बदनसीब म्हणत राहिला, तो बदनसीब नव्हता. त्याला हवे तेवढे गोल मिळाले होते. नशीब ठीक होते. भाव नऊचा होता, तो दहाचा असायला हवा होता. एकोणतीस गुणिले नऊ, दोनशे एकसष्ट. तीनशे चारांतून वजा केले तर तोटा त्रेचाळीस रुपये. एवढ्याने संसार बुडत नाही. पण वहीच्या पुढच्या पानांवर रुपयाचे पाच झाले होते, मग दहा. अंक थकला आहे असे वाटले की अब्बा रक्कम वाढवत. दहा रुपयांवरचा दशांश म्हणजे रोजचा रुपया. अम्मीच्या कानातले गेले ते त्या पानांवर. भावाने त्यांचा दशांश घेतला. बाकीचे ‘आता येणारच’ या दोन शब्दांनी नेले.

आज कुणी बोटे दाखवत नाही. संध्याकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत उभे राहा, मुले मान खाली घालून फोनवर काय काय खेळताना दिसतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. चांगले झाले. पण १८८७ पासूनचा अनुभव सांगतो, की कापूस बंद झाला तर मडके येते आणि मडके फुटले तर पत्ते येतात. कायदा दार लावतो. आत बसलेल्या माणसाला हिशेब शिकवणे हे त्याचे काम नाही. ते शाळेचे आहे, घराचे आहे.

त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. कुणी काहीही विकायला आले, लॉटरी, पैज, दामदुप्पट योजना, तर एक कागद घ्या. वरच्या ओळीत काय काय मिळू शकते ते लिहा, काहीच न मिळणे हेही लिहा. खालच्या ओळीत प्रत्येकाची शक्यता लिहा. गुणा, बेरीज करा. शक्यता विकणाऱ्याने सांगितली नाही, तर तेच तुमचे उत्तर समजा.

आमच्या घरी ती वही आता फळीवर सरळ ठेवलेली असते. मुलीने पहिल्या पानावर पेन्सिलीने ते छोटे कोष्टक काढून ठेवले आहे. वर आठ आणि उणे एक, खाली एक दशांश आणि नऊ दशांश. पुढच्या वेळी कुणी चहाचा कप घेऊन मला विचारले, ‘कल्याण म्हणजे मटक्याचेच ना?’ तर मी रागावणार नाही. त्याला म्हणेन, बसा, कागद आहे का तुमच्याकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)